चाळीस मिनिटांची यात्रा

यात्रेची हौस आमच्या लोकांस पूर्वापार आहे, व ती वाईट आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. काशीस जाणारा मनुष्य पूर्वी घरादाराची निरवानिरव करून निघे. पंढरीची वाट चालणारा वारकरी आजही पंधरा-वीस दिवस पायांस विसावा देत नाही. यात्रा म्हटली की खर्च आला, आणि तो केवळ पैशाचा नव्हे. वेळेचा, शरीराचा व मनाचाही. ज्या प्रवासात पैशाखेरीज यांतले काहीच खर्ची पडत नाही त्यास सहल म्हणावे. सहलीसही आमची हरकत नाही. सहल करावयाची, तीस यात्रा हे नाव द्यावयाचे, आणि तीत दुसऱ्याचे देवस्थान बागेतल्या कारंज्याप्रमाणे पाहून यावयाचे, हा जो प्रकार अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांत रूढ होऊ लागला आहे, त्यास मात्र आमची सक्त हरकत आहे. व ती का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

सन २०२४ च्या मार्गशीर्षात मुळशी तालुक्यातील भरे गावाहून चाळीसेक मंडळींची एक बस गोव्यास निघाली, तीत आम्हीही होतो. मंडळी चांगली होती. दोघे-तिघे शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, पिरंगुटच्या कारखान्यांतले इंजिनिअर व त्यांची कुटुंबे, कॉलेजांत शिकणारी मुले. म्हणजे ज्यांच्या घरी दिवाळी अंक येतो व ज्यांच्या बोलण्यात 'संस्कृति' हा शब्द दिवसातून एकदा तरी येतो असे लोक. प्रत्येकाच्या हाती छापील कार्यक्रम दिला होता. त्याच्या माथ्यावर 'देवदर्शन व चर्चदर्शन यात्रा' असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेले होते. खाली तपशील असा: मंगेशी, दीड तास, जुने गोवे येथील चर्च, ४० मिनिटे, मांडवी नदीतील बोटीची सफर, अडीच तास.

योग असा की ते दिवस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दर्शनाचे होते. हे दर्शन सामान्यतः दहा वर्षांतून एकदा घडते. त्या वेळचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे दीड महिना चालले, व त्यासाठी संतांचा देह बॉम जेझूसच्या बॅसिलिकेतून मिरवणुकीने समोरच्या से कॅथीड्रलमध्ये नेऊन ठेवलेला होता. कॅथीड्रलसमोर लोकांची लांबच लांब रांग उभी होती. आमच्या ४० मिनिटांत ती रांग बसणार नव्हती. तेव्हा बसच्या व्यवस्थापकांनी तोड काढली, ती अशी: "रांगेत उभे राहू नका, समोरच्या चर्चमध्ये त्यांची समाधि आहे ती पाहून घ्या, तेच ते." याप्रमाणे दहा वर्षांनी आलेल्या पर्वणीस जाऊन, जेथे संत नव्हते तेथे त्यांची समाधि मान वर करून पाहून, आमची मंडळी कृतार्थ झाली. कोणी हसले नाही. हसण्यासारखे काही घडले आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

आत जे घडले ते सांगावयास आम्हांस संकोच वाटतो, परंतु ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. वेदीकडे पाठ करून मंडळींनी आपापली छायाचित्रे काढली. एका बाकापाशी एक वृद्ध गोवेकर बाई गुडघे टेकून, डोळे मिटून प्रार्थना करीत होत्या. आमच्यापैकी एका तरुणास आपल्या कुटुंबाचे छायाचित्र नेमके त्याच जागेवरून हवे होते. तो अत्यंत सौजन्याने म्हणाला, "आजी, जरा बाजूला सरकता का?" बाईंनी डोळे उघडले, आमच्या सर्वांकडे एकवार पाहिले, आणि काही न बोलता, गुडघ्यांवरच, हातभर बाजूस सरकल्या. छायाचित्र उत्तम निघाले. आम्ही तेथे उभे होतो व आम्हीही काही बोललो नाही. या लेखात जी टीका आहे ती प्रथम आमच्यावर आहे, मग इतरांवर, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

आमची तक्रार बस काढणाऱ्यांविषयी नाही. बाजारात जो माल खपतो तोच दुकानदार मांडतो. गिऱ्हाईकाने अडीच तासांची बोट मागितली व ४० मिनिटांचे चर्च मागितले, त्याने ते दिले. तक्रार आहे ती गिऱ्हाइकाविषयी. परतीच्या वाटेवर आम्ही हा विषय काढला, तेव्हा सोबतच्या मंडळींनी आपल्या वर्तनाच्या समर्थनार्थ तीन निरनिराळी उत्तरे दिली. ही तीनही उत्तरे आम्ही पुण्यातही अनेक दिवाणखान्यांत ऐकली आहेत. तेव्हा ती एकेक घेऊन तपासू.

पहिले उत्तर असे: "आम्ही पाहावयास गेलो होतो, पूजेस नव्हे. वारसास्थळ आहे, पाहिले, झाले." ठीक. पाहावयास गेलात हे मान्य करू. मग पाहिले काय? युनेस्कोने १९८६ साली गोव्यातील चर्चे व मठ जागतिक वारशात घेतले, ते काही तेथे आरसे लावण्याची सोय आहे म्हणून नव्हे. बॉम जेझूसच्या बांधणीस १५९४ मध्ये आरंभ झाला व १६०५ मध्ये तिची प्रतिष्ठा झाली. आज तिचा जांभा दगड उघडा दिसतो, त्यावरून ती मूळचीच तशी आहे असा सर्वांचा समज होतो. वस्तुतः तिच्यावर चुन्याचा गिलावा होता, तो विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला, व तेव्हापासून कोकणातला पाऊस तो दगड खात आहे. संतांची जी समाधि आमच्या मंडळींनी मान वर करून पाहिली तिचे संगमरवरी काम फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोगीनी याचे आहे. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने ते पाठविले व १६९८ मध्ये ते येथे उभे राहिले. पण तीवरील चांदीची पेटी मात्र इटलीची नव्हे. ती त्यापूर्वीच, १६३६-३७ च्या सुमारास, गोव्याच्याच सोनार-कारागिरांनी घडविलेली आहे. इटलीच्या संगमरवरावर गोव्याची चांदी बसली आहे, आणि खालच्या शिल्पाइतकेच वरचे कामही पाहण्याजोगे आहे, हे कळावयास ४० मिनिटे पुरेशी आहेत. मात्र ती पाहण्यात घालविली पाहिजेत.

समोरच्या से कॅथीड्रलचेही तेच. १५६२ मध्ये आरंभ, १६१९ मध्ये मुख्य इमारत पूर्ण, वेद्यांचे काम १६५२ पर्यंत. तिला आज एकच मनोरा आहे, कारण दुसरा १७७६ मध्ये कोसळला. आमच्या बसमधील एका मुलाने विचारले, "याचा एक मनोरा कमी का?" तेव्हा त्याच्या वडिलांनी उत्तर दिले, "तशीच पद्धत असते त्यांची." प्रश्न मुलाचा होता व तो खरा होता, उत्तर सुशिक्षित बापाचे होते व ते बनावट होते. थोड्या अंतरावर, टेकडीवर, संत ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष आहेत. तेथील अर्धा तुटलेला मनोरा अजूनही सुमारे ४६ मीटर उंच उभा आहे. मठ १८३५ मध्ये ओस पडला व १८४२ मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले. त्याच ढिगाऱ्यात जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिच्या अस्थि सापडल्या. ही राणी १६२४ मध्ये शिराझ येथे धर्मांतरास नकार दिल्यामुळे मारली गेली, व ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी तिचे अवशेष गोव्यास आणले. हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्या अस्थींची जनुकीय परीक्षा झाली व २०२१ मध्ये भारत सरकारने त्या जॉर्जियास भेट म्हणून दिल्या. एका राणीच्या अस्थि चार शतके आपल्या मातीत राहतात आणि सन्मानाने माहेरी परत जातात, ही कथा त्या बसमध्ये कोणाच्या कानावर आली नाही. त्याऐवजी संतांची नखे अजून वाढतात अशी एक गोष्ट मात्र सर्वांनी ऐकली, व ती घरी नेली. सारांश, जे म्हणतात की आम्ही केवळ पाहावयास गेलो, त्यांनी पाहण्याचेही काम केलेले नाही. त्यांचे पहिले उत्तर त्यांच्याच मापाने खोटे ठरते.

दुसरे उत्तर याहून जड आहे, व ते देणारांस आम्ही उडवून लावू इच्छीत नाही. ते म्हणतात, "ज्यांनी आमची देवळे पाडली त्यांच्या चर्चमध्ये आम्ही कसला आदर दाखवावयाचा? गेलो हेच पुष्कळ झाले." या उत्तरात राग आहे, आणि तो निराधार नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५६७ मध्ये साष्टीतील देवळांची तीच गत झाली. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून अंत्रुज प्रांतात प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले व, मधली चार वर्षे सोडल्यास, १८१२ पर्यंत राहिले. ज्या संतांच्या समाधीपुढे आपण उभे राहतो त्यांनीच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून या न्यायासनाची मागणी केली होती. ते आले तेव्हा त्यांना वारून आठ वर्षे झाली होती, परंतु मागणी त्यांची होती हे सत्य आहे. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. हे सर्व घडले. ते झाकणारा मनुष्य इतिहासकार नव्हे आणि चांगला यजमानही नव्हे. जुन्या गोव्यात जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलास हे सांगितले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु सांगावयाचे तर सगळे सांगितले पाहिजे. इन्क्विझिशनचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. ज्यांची झडती झाली, ज्यांस कोठडीत टाकले, ज्यांस मिरवणुकीने शिक्षेस नेले, त्यांत फार मोठा भरणा नव्या ख्रिस्ती झालेल्या देशी लोकांचा होता. आणि त्यांचे गुन्हे काय, तर जुने आचार सुटत नाहीत. १७३६ च्या फर्मानात कशाकशाची बंदी आहे ती पाहावी: घरात तुळस लावू नये, मिठावाचून भात शिजवू नये, लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत, धोतर नेसू नये, चोळी घालू नये. ज्या बाकापाशी आम्ही आजींस बाजूस सरकविले त्या आजींच्या पूर्वजांवर ही बंदी होती. आपण ज्या जुलमाचा राग मनात धरून तेथे जातो, त्याचा भार ज्यांनी वाहिला त्यांच्याच वंशजांवर आपण तो राग काढतो. सूड म्हणूनही हे चुकीच्या दारी ठोठावणे झाले.

आणखी असे की, हे उत्तर देणारे गृहस्थ त्याच दिवशी सकाळी मंगेशीस होते. हा देव येथे का आहे, कोठून आला, कोणी आणला, याची त्यांस वार्ता नव्हती. ती आम्ही त्यांस परतताना सांगितली. मुळशीच्या माणसास तरी ही गोष्ट शिकवावी लागू नये. टाटांच्या धरणासाठी ज्या पेट्यातील गावेच्या गावे, घरे, शेते व देवळे पाण्याखाली गेली, ज्यासाठी १९२१ मध्ये येथे सत्याग्रह झाला व सेनापति बापटांनी तुरुंगवास भोगला, त्या मुलखातले आम्ही. गाव सोडणे म्हणजे काय व देव उचलून नेणे म्हणजे काय, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे. मंगेशीच्या दीपमाळेसमोर ही आठवण ज्यास झाली नाही, त्याचा चर्चमधील राग इतिहासातून आलेला नसून कोठून तरी उसना आणलेला आहे, असे आम्हांस नाइलाजाने म्हणावे लागते.

आणि इतिहासाचाच हिशेब मांडावयाचा तर तो दोन्ही बाजूंनी मांडू. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तो दिवस मराठ्यांच्या पराक्रमाचा खरा. त्या मोहिमेतून चर्चच्या घंटा देशावर आल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरास, आणि वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर त्या अजून टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे व १७०७ हे साल आहे. त्या घंटांखालून जाताना आपण मुलांस विजयाची गोष्ट सांगतो, व ती सांगण्यात गैर नाही. पण ती घंटा एके काळी कोणास तरी प्रार्थनेस बोलावीत होती, हे वाक्य आपण त्या गोष्टीस जोडीत नाही. लढाईतील लूट आणि अडीचशे वर्षांचे इन्क्विझिशन ही एका तराजूत घालावी असे आम्ही म्हणत नाही; ती एका मापाची नाहीतच. परंतु जो दुसऱ्याकडे सगळा हिशेब मागतो त्याने आपली एक ओळ गाळू नये.

उलट आमच्याच इतिहासात दुसरीही एक ओळ आहे, आणि ती अधिक अभिमानाची आहे. वसई जिंकल्यास पुरती ५३ वर्षे झाली होती. चिमाजी अप्पा ज्यांच्या पणजोबांचे बंधु, ते सवाई माधवराव पेशवे पुण्याच्या गादीवर होते. त्यांच्या चाकरीत असलेल्या ख्रिस्ती शिपायांस उपासनेस जागा नव्हती, ती १७९२ मध्ये पेशवाईने दिली. क्वार्टर गेटजवळचे जे सिटी चर्च, ते त्या जागेवरचे. देवळांचा नाश ज्यांस ठाऊक होता, ज्यांच्या घराण्याने पोर्तुगीजांशी तलवारीने हिशेब चुकता केला होता, त्यांनी आपल्या राजधानीत चर्चला जमीन दिली. त्यांस इतिहास आठवत नव्हता असे कोण म्हणेल? त्यांस तो आमच्याहून पुष्कळ अधिक आठवत होता. शत्रूचे राज्य निराळे आणि चाकरीतल्या शिपायाची प्रार्थना निराळी, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता, व तोच आम्ही आमच्या बसमध्ये शोधीत होतो.

आता तिसरे उत्तर. हे सर्वांत गोड आहे व म्हणून सर्वांत फसवे आहे. "सगळे देव एकच, आम्ही तेथेही हात जोडले, पेटीत नाणे टाकले." हे म्हणणारांचे मन मोठे असते, यात संशय नाही. परंतु ज्याविषयी आपणांस काहीच ठाऊक नाही त्यास आपल्यासारखेच म्हणून टाकणे, हा आदर नव्हे. ती ओळख करून घेण्याची टाळाटाळ आहे. कॅथलिक माणूस चर्चमध्ये गेला की प्रथम कोणाकडे वळतो? संतांच्या मूर्तीकडे नव्हे. जेथे अखंड दिवा तेवत असतो तेथे पवित्र भाकर ठेवलेली असते, व तीत प्रभूचे साक्षात वास्तव्य आहे अशी त्याची श्रद्धा आहे. तो गुडघा टेकतो तो तिच्यापुढे. वेदी हा शोभेचा मंच नव्हे; मिस्सा होतो तो तेथे. ही श्रद्धा आपली असावी असे कोणी म्हणत नाही. परंतु ती आहे एवढे ज्यास ठाऊक असेल तो वेदीकडे पाठ करून हसत उभा राहणार नाही. 'सगळे एकच' म्हणणाराने नेमकी हीच चूक केली, कारण सगळे एकच असल्यावर विचारावयाचे काय उरते?

संतांचा सण ३ डिसेंबरला असतो. १५५२ मध्ये त्याच दिवशी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांस मृत्यु आला. सणापूर्वी नऊ दिवस नोव्हेना चालते, पापनिवेदन होते, मिस्सा होतात, आणि सावंतवाडीकडून, बेळगावकडून लोक पायी चालत जुन्या गोव्यास येतात. गोव्यात या संतांस 'गोंयचो सायब' म्हणतात, व ते म्हणणारांत हिंदूही आहेत. पायी येणाऱ्या त्या लोकांच्या पायांस फोड येतात, ते वाटेत गातात, रात्री कोणाच्या पडवीत निजतात. हे चित्र पुण्याच्या माणसास अनोळखी आहे काय? आपल्या दारावरून दर ज्येष्ठात दोन पालख्या जातात. आता अशी कल्पना करावी की, वीस दिवस चालून आलेली एखादी म्हातारी पंढरीस विटेवर माथा टेकीत आहे, आणि कोठून तरी बसने आलेला कोणी सभ्य गृहस्थ तिला म्हणतो आहे, "आजी, जरा बाजूला सरकता का? फोटो घ्यावयाचा आहे." पुढे काय होईल ते आम्ही लिहीत नाही, वाचकांस ते आमच्याहून चांगले ठाऊक आहे. त्या रागाचा दहावा हिस्सा आम्हांस स्वतःविषयी वाटला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

येथवर आम्ही ख्रिस्ती देवस्थान हे 'दुसऱ्याचे' असे धरून बोललो. पण मराठी वाचकाने ते सर्वस्वी दुसऱ्याचे धरावे काय? टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला, येथेच राहिला आणि १६१९ मध्ये वारला. त्याने ख्रिस्ताची कथा रचली ती लॅटिनात नव्हे, पोर्तुगीजांत नव्हे. मराठी ओवीत रचली, सुमारे ११,००० ओव्यांची. १६१६ मध्ये ती साष्टीतील राशोल येथे छापली गेली, रोमन लिपीत. तुकोबा तेव्हा लहान होते, ज्ञानेश्वरी मात्र तीन शतकांची होती. आणि ज्ञानेश्वरीच्याच छंदात हा परदेशी साधु येशूचा जन्म सांगत होता. त्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळुरास सालढाण्यांनी ती पुनः छापली, व देवनागरीत ती १९५६ मध्ये पुण्यासच शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने निघाली. आमच्या बसमध्ये मराठीचा अभिमान नसलेला मनुष्य एकही नव्हता, आणि 'ख्रिस्तपुराण' हे नाव ऐकलेले तिघे होते. राशोलची वाट कार्यक्रमात नव्हतीच.

वसईचे तर बोलावयासच नको. जपानात नागासाकीस १५९७ मध्ये क्रुसावर प्राण देणारे व १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झालेले गोन्सालो गार्सिया वसईचे. भारतात जन्मलेल्यांत संतपद प्रथम त्यांस मिळाले. वसईच्या चर्चांत आज मराठीत मिस्सा होते, मराठीत स्तोत्रे गातात. त्याच भूमीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, व २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांची निवड झाली तेव्हा, एका पाद्र्याचा मराठीशी संबंध काय, असा प्रश्न काही जणांनी विचारला होता. त्या प्रश्नाचे उत्तर ४०० वर्षांपूर्वी राशोलला छापून झाले होते. विचारणाऱ्यांनी ते वाचले नव्हते इतकेच. जुन्या गोव्यातून ४० मिनिटांत परतणारा यात्रेकरू आणि हा प्रश्न विचारणारा गृहस्थ यांस आम्ही सख्खे भाऊ समजतो. एकास राग आहे व दुसऱ्यास घाई आहे. अज्ञान दोघांचे एकच.

मग करावे काय, असे कोणी विचारील. आमच्या सूचना साध्या आहेत व त्यांस पैसा लागत नाही. निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी एकत्र बसून, कोणी एकाने वाचून दाखवावे: १५४२ मध्ये झेवियर गोव्यास उतरले येथपासून १८१२ मध्ये इन्क्विझिशन उठले येथपर्यंत, काहीही न गाळता. जुन्या गोव्यास एक संपूर्ण सकाळ द्यावी. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर मुकाट्याने बसावे, किंवा बाहेर थांबावे. वेदीसमोर छायाचित्रे काढू नयेत. बाहेरची भिंत त्यासाठी पुष्कळ मोठी आहे. मुलांनी प्रश्न विचारला व उत्तर ठाऊक नसले तर 'ठाऊक नाही' म्हणावे व तेथल्या कोणास तरी विचारावे. गोव्याचा मनुष्य अशा प्रश्नास कंटाळत नाही असा आमचा अनुभव आहे. आणि परत आल्यावर एखाद्या रविवारी मेणवलीची घंटा व क्वार्टर गेटचे चर्च ही दोन्ही पाहून यावी, म्हणजे गोव्यात पाहिलेले आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचेल. ज्यास हे सर्व जड वाटेल त्याने सरळ समुद्रावर जावे. समुद्र सुंदर आहे, तेथे कोणी प्रार्थना करीत बसलेले नसते, आणि त्या प्रवासास यात्रा म्हणावे लागत नाही.

असे केल्यास बस भरणार नाही, अशी भीति व्यवस्थापकांनी आमच्यापाशी बोलून दाखविली. भरणार नसेल तर अर्धी जाऊ द्यावी. देवस्थानास गर्दीने जाण्याचे पुण्य कोणत्याही धर्मात सांगितलेले आमच्या वाचण्यात नाही.

आता पुन्हा गोव्यास बस काढण्याचे घाटत आहे, आणि कार्यक्रमाचा कच्चा कागद भऱ्यातील मंडळींनी आमच्याकडे पाहावयास पाठविला आहे. त्यात 'चर्च, ४० मिनिटे' ही ओळ जशीच्या तशी आहे. आम्ही ती खोडून 'जुने गोवे, सकाळ' असे लिहिले आहे, खाली 'राशोल' हे नाव घातले आहे, व त्यासाठी बोटीच्या सफरीवर काट मारली आहे. कागद अद्याप परत आलेला नाही. बोट पुन्हा वर चढेल व राशोल गळेल अशी आम्हांस बरीच धास्ती आहे. तसे झाले तरी आम्ही बसमध्ये असूच. कारण त्या बाकापाशी पुन्हा कोणी आजी बसलेल्या असतील, आणि या खेपेस कोणी तरी तोंड उघडले पाहिजे.